घुशींच्या मागावर

दारव्ह्याला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, लेकीकडे जाऊन काय काय पाहिलं?" मी खरं तेच सांगते. घुशींची बिळं पाहिली. समोरच्याला वाटतं, निवृत्त झाल्यापासून बाईंचं जरा बिनसलंय. मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं आणि भाजी घ्यायला गेलेली मी अंधार पडल्यावर घरी येते. म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना झरी जामणीकडे जायला कधी जमणार नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना माझ्या लेकीचं कौतुक ऐकायचं नाही त्यांच्यासाठी तर मुद्दामच.

प्रज्ञा माझी एकुलती एक. कृषी सहायक म्हणून तिची नेमणूक झरी जामणी तालुक्यात झाली, तेव्हा आमच्याकडे पाहुणे असे भेटायला आले की जणू काही वाईट घडलंय. "एवढ्या लांब? जंगलात? पोरीची जात?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, मला बदलीचं कोणी काय सांगावं. पण काळजी मलाही होती हे खरं. शेतीचं पुस्तक तिने पाठ केलं होतं, शेतीचा चिखल मात्र मी तिला लागू दिला नव्हता. त्या वेळी आमचं घर मातीचं होतं. शाळेत जायच्या आधी मी अंगण सारवायचे. प्रज्ञा पोतेरं धरायला आली की तिला हाकलायचे, "तू पुस्तक घे." शेजारणी म्हणायच्या, पोरीला काहीच येत नाही. मी म्हणायचे, नाही येत तेच बरं. हिच्या हाताला शेण लागणार नाही, हे मी मनाशी ठरवलंच होतं, आणि ते पार पाडल्याचा मला फार तोरा होता.

तर सोयाबीन निघून कापूस फुटायला लागला होता, त्या दिवसांत तिचा फोन आला.

"आई, इकडं येतं का चार-आठ दिवस? अन् येता येता मारेगाववरून पिंजरे घेऊन येजो."

"कायचे पिंजरे वं?"

"घुशीचे."

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

तिचं म्हणणं असं होतं. तिच्या हद्दीत कोलामांचा एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पोडाचं स्वतःचं तळं आहे, त्यातली मासोळी पोडाची, आणि तळ्याखाली हरभरा-गहू होतो तो त्याच पाण्यावर. यंदा तळं काठोकाठ भरलं, पण त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, घुशींनी पोखरली. मागच्या बाजूने पाणी झिरपायला लागलं. पोडातले लोक म्हणत होते विष टाकू. प्रज्ञा म्हणत होती पिंजरे लावू. मारेगावच्या एका बचत गटाच्या बायांकडे पिंजरे होते, त्या द्यायला तयार होत्या, पण पुढच्या बाजाराच्या दिवशी परत हवे होते, कारण त्यांच्या सोयाबीनच्या थप्प्यांनाही उंदीर लागले होते. आणि पिंजरे आणायला प्रज्ञाला वेळ नव्हता. आईला होता.

मारेगाव, आणि तिथून पुढे

मारेगावच्या बाया चांगल्या होत्या. त्यांनी चहा पाजला, पिंजऱ्याची झाप कशी अडकवायची ते दाखवलं आणि गाठोडं बांधून दिलं. काळी-पिवळी जीपच्या टपावर जागा नव्हती, म्हणून अर्धे पिंजरे पायाशी, अर्धे मांडीवर अशी मी बसले.

"बाई, पोपट कुठी गेले?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"पोपट नाई, घुशी धरायच्या हायेत."

शेजारच्या बाईने पाय वर घेतले. रिकामे आहेत म्हणून सांगितलं तरी तिने एकेका पिंजऱ्यात वाकून पाहिल्यावरच पाय खाली सोडले. मग सगळी जीपच बोलायला लागली. कोणाच्या घरात घुशीने माठाखाली कसं उकरलं, कोणाची चप्पल कशी नेली. माझी मुलगी तिकडे अधिकारी आहे, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होते, पण उतरायचं ठिकाण आलं.

आमच्या दारव्ह्याकडे नजर टाकावी तिकडे काळी सपाट जमीन. इथे जमीन वर-खाली होते, माती तांबूस आणि दगडगोट्यांची, आणि वळणावळणाला सागाचं जंगल थेट रस्त्यापर्यंत येतं. सीताफळं तर अशी लागलेली की कोणी तोडायचेही कष्ट घेत नाही. प्रज्ञा स्कूटी घेऊन उभी होती. काळवंडली होती. मी काही बोलायच्या आत तिने पिंजरे मोजले, मग मला मिठी मारली. हा क्रम मी लक्षात ठेवला आहे.

जंगूबाईचं घर

प्रज्ञाची खोली पोडापासून बरीच लांब, तळ्याचं काम पहाटेचं आणि संध्याकाळचं. म्हणून आम्ही पोडातच जंगूबाईकडे उतरलो. जंगूबाई माझ्याच वयाची, उंच, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला धरणारी. घर कुडाचं, म्हणजे बांबूच्या विणलेल्या भिंती आणि त्यावर मातीचं लिंपण. आमच्याकडे आता फरशी आली आणि सारवण सुटलं, पण कोणाचं अंगण पाहिलं की माझ्यातली बाई परीक्षा घ्यायला लागते. जंगूबाईला पैकीच्या पैकी. एक भेग नाही, एक पापुद्रा नाही. फक्त एक गोष्ट डोळ्याला खटकत होती. आपण सारवतो तेव्हा बोटांचे अर्धचंद्र उमटतात आणि ते एका अंगाला झुकतात. इथे सगळे उलट्या अंगाला झुकलेले होते.

"तुम्ही डावखुऱ्या का हो?" मी विचारलं.

जंगूबाईने माझा दंड धरला आणि प्रज्ञाकडे वळून म्हणाली, "म्याडम, तुमची माय पोलिसात होती का?"

शाळेत होते, म्हटलं. डाव्या हाताची पोरं पाटीवर मात्रा काढायला लागली की लांबून ओळखायचे.

जेवायला ज्वारीच्या कण्या, आंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल आणि तिखटाचा भुरका. मग तिने तळ्यातल्या झिंग्यांचं कालवण वाढलं. आमच्याकडे बाजारातले झिंगे येतात ते वाळलेले, वासाला उग्र. हे ताजे, गोडसर. मी मागून घेतलं. चहाचं मात्र जमेना. तिथे चहा कोरा, आणि बिनदुधाचा चहा मी फक्त आजारपणात पिते. पहिल्या दिवशी नाक मुरडून प्यायले. परत निघाले त्या दिवशी दुसरा कप मीच मागितला, तेही लिहायला हवं.

जेवताना जंगूबाईने शेळ्यांचं सांगितलं. मागे एकदा पाळीवर विषाचे दाणे टाकले होते. घुशी किती मेल्या ते कोणी पाहिलं नाही, पण जंगूबाईच्या शेळ्या पाण्यावर गेल्या आणि परत आल्या नाहीत.

"एक गाभन होती, बाई," ती म्हणाली. "पाळीवरच पडली. मी पानी पाजून राह्यलतो, तं तोंडातून फेसच." मग म्हणाली, "आता पुन्हा ते दाने मी टाकू नाई देनार. म्याडम म्हंते ते करीन, पन दाने नाई."

चावडी

पोडाच्या मधोमध चावडी. तिथे लेतू नाईक बसले होते. नाईक म्हणजे पोडाचे प्रमुख, म्हातारे, खांद्यावर दुपट्टा, आवाज हळू. आपसात सगळे कोलामी बोलत होते. मला एक अक्षर कळेना, मध्येच तेलुगूसारखं काही वाटायचं. आमच्याशी बोलताना ते वऱ्हाडीत आले.

"म्याडम, तुमचा मान ठेवून राह्यलो आमी," नाईक म्हणाले. "पन पाळ फुटली तं हरभराही गेला अन् मासोळीही गेली. मंग पोरायनं खावं काय? पिंजरे बाजाराच्या दिशी वापस जातेत. तवापर्यंत घुशी कुठी हायेत ते दावा. नाई तं मंग आमी दाने टाकतो. मले का त्याची हौस हाय?"

माणूस खोटं बोलत नव्हता. दाण्यांची पुडी त्यांच्या घरात येऊन पडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रज्ञाची अडचण मला तिथे नीट कळली. पाळ लांबलचक, बिळं पुष्कळ, पिंजरे थोडे. बिळं दिसतात त्यातली निम्मीअधिक जुनी, सोडून दिलेली. रिकाम्या बिळापुढे पिंजरा लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं. म्हणून आधी माग काढायचा. संध्याकाळी झाडून सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी जाऊन पाहायचं. जे उघडलं, त्यात घूस राहते. याआधी तिने दोनदा अशी पाहणी केली होती आणि दोन्ही वेळा एकच कोडं पडलं होतं. पाणी झिरपतं ते बेशरमाच्या झुडपांखालच्या टप्प्यात. पाळ सगळ्यात पोकळ तिथेच. आणि नेमकी तिथलीच बिळं सकाळी बंदच्या बंद.

"पुन्हा एकदा पाहू," ती नाईकांना म्हणाली. "ह्या खेपेला नाही सापडलं, तर मी तुम्हाला अडवणार नाही."

मला वाटलं, असलं वचन देऊ नये. पण मी चावडीत पाहुणी होते.

पाळ

संध्याकाळी अख्खा पोड पाळीवर. प्रज्ञाने लाल मुरमाचा ढीग टाकून घेतला होता, त्यात पाणी घालून गोळे करायचे आणि बिळात ठासायचे. ठासता ठासता ती मला दाखवत होती. ही बघ, गवतातली दबलेली वाट, थेट पाण्यापर्यंत जाते. ह्या लेंड्या. हे बिळाच्या तोंडाशी खेकड्याच्या नांग्या आणि फुटलेले शंख, म्हणजे इथे बसून जेवण झालं. ही माती भुरभुरीत, म्हणजे उकरून जास्त वेळ झाला नाही. माझ्या घरात झुरळ दिसलं तर पलंगावर चढणारी मुलगी घुशीच्या लेंडीकडे अशी पाहत होती, जसा सोनार सोन्याकडे पाहतो. मी आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं, त्यांनी हे ऐकलं की नाही म्हणून. ऐकलं होतं.

याच अभिमानात माझा पाय घसरला. पाळीच्या माथ्यावरून निघाले ती बसल्या बसल्या थेट बेशरमाच्या झुडपात जाऊन थांबले. नवी साडी, खाली ओल, वर काटक्या. पोड हसला, नाईकसुद्धा दुपट्टा तोंडाला लावून हसले. जंगूबाईने येऊन डाव्या हाताने मला एका झटक्यात उभं केलं. हातातला मातीचा गोळा मात्र मी सोडला नव्हता, तोही तिने काढून घेतला आणि शेजारच्या बिळात ठासला.

सकाळी बाया लवकरच कापूस वेचायला गेल्या. पाळीवर आम्ही दोघी, नाईक आणि पोडातले काही पुरुष. पुरुषमंडळी पाळीच्या माथ्यावरून चालत होती, पायाखाली कोरडं होतं ना. टोकाकडे एखाद-दुसरं बीळ उघडलेलं दिसलं. बेशरमाच्या टप्प्यात आलो. दव पडलेलं, गवत ओलं. सगळी बिळं बंद.

नाईक काठी टेकवून उभे राहिले. "आता सांगा, म्याडम. इथं तं घूसच नाई. मंग पानी काय आभायातून झिरपते?"

प्रज्ञाचा खालचा ओठ आत ओढला गेला. लहानपणी पाढा अडला की ती असं करायची, आणि मला तो ओठ पाहवत नाही. गुडघेही दुखत होते. मी उतारावर खाली बसले, हात टेकला तो एका बुजवलेल्या बिळावर.

हाताला थंड लागलं. ओलं. मी बोटं नाकाशी नेली. शेण. आम्ही काल संध्याकाळी बुजवलं होतं ते लाल मुरमाने, त्यात शेणाचा कण नव्हता. मी गवत बाजूला सारलं. काळी माती, त्यात शेणकाला, वर हाताने फिरवून गुळगुळीत केलेली. आणि त्यावर बोटांचे अर्धचंद्र, सगळे उलट्या अंगाला झुकलेले. शेजारच्या बिळावर तेच. पलीकडच्यावर तेच.

चाळीस पोरांच्या वर्गात खोडी कोणी काढली ते कळलं की नाव घेऊन ओरडायचं, ही माझी जन्माची सवय. नाव तोंडात आलंच होतं. पण डोळ्यांसमोर ती गाभण शेळी आली आणि मी ओठ मिटले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

"प्रज्ञा, माझा पदर अडकला गं काट्यात," मी म्हटलं. ती खाली वाकली. मी तिच्या कानात सांगितलं. तिने मातीला हात लावला, अर्धचंद्रावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग उठून उभी राहिली.

आता ती नाईकांना सांगेल आणि मोकळी होईल, असं मला वाटलं. तिच्या जागी मी तेच केलं असतं. ती म्हणाली, "नाईक काका, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आज पिंजरे मांडू."

कापसाचं रान

जंगूबाई ओटीत कापूस भरत होती. प्रज्ञा तिच्या शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, शिरली आणि वेचायला लागली. वेचणं कसलं, बोंडाचा काटा टोचून घेणं ते. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, पाळीवर तुम्ही रोज सकाळी जाता ना?"

जंगूबाईचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं.

"जातो ना! सडा टाकायच्या आंधी. तुमीच पावसायात सांगतलं होतं, बीळ दिसलं का बुजवा. बाकीच्यायनं सोडून देल्लं, मी एक दिवस नाई चुकवला. ते बेशरमाखालचे तं लय बेटे हायेत. रोज उघडतेत, रोज बुजवून टाकतो. आज तं लवकरच गेलतो, म्हटलं तुमी पाह्याले येसान तं पाळ कशी साफ दिसली पाह्यजे."

पाहुणे यायच्या आधी अंगण सारवावं, तशी तिने पाहणीच्या आधी पाळ सारवली होती. विष येऊ नये म्हणून अख्खा पावसाळा ती एकटी झटली होती, आणि त्या झटण्यानेच घुशींचा माग रोज पुसला जात होता.

प्रज्ञाने हातातला कापूस तिच्या ओटीत टाकला. "मावशी, चूक माझी झाली. बुजवा म्हणून मी सांगितलं. पण ही पाहणी कशी असते, सकाळचं उघडलेलं बीळ का राहू द्यायचं, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं.

जंगूबाईचे हात थांबले. ती खालीच बसली, तासात.

"म्हंजे मी माह्याच हातानं दाने आनून राह्यलतो काय?"

"नाही," प्रज्ञा तिच्या पुढ्यात बसली. "तुमच्याच हाताने पिंजरे लागतील. कोणतं बीळ रोज उघडते, कोणतं कधीमधी, कोणतं मेलेलं, हे त्या पाळीवर तुमच्याइतकं पाहिलंय कोणी? मला तर दोन पाहण्यांत काही कळलं नाही. तुम्ही पावसाळाभर पाहणीच केली, मावशी."

मी जवळच उभी होते. पुस्तक घे, पुस्तक घे म्हणून मी हिच्या मागे लागायचे. हे कोणत्या पुस्तकात होतं, मला माहीत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते, पण चारचौघांत तिला ते आवडत नाही, म्हणून एक कापसाचं बोंड तोडलं आणि तेच कुरवाळत बसले.

माग लागला

संध्याकाळी पोड पुन्हा पाळीवर जमला. प्रज्ञाने सगळ्यांसमोर सांगितलं, "जंगू मावशीने पावसाळाभर रोज पहाटे ही पाळ तपासली आहे. उघडलेली बिळं बुजवली म्हणून आपल्याला दिसली नाहीत. पिंजरे कुठे मांडायचे ते आता त्या दाखवतील." यात एक शब्द खोटा नव्हता. नाईकांनी जंगूबाईकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे पाहिलं. ते म्हातारे होते, त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी फक्त काठीने वाट दाखवली.

जंगूबाई पुढे, आम्ही मागे. पदर खोचलेला, मान वर, डाव्या हाताचं बोट पुढे.

"हे रोजचं. इथं मांडा. हे कधीमधी उघडते. हे सोडून द्या, इथं कोनी नाई राहत, मी दसऱ्यापासून पाह्यलं नाई उघडलेलं. हे! हे सगळ्यात बेकार. हिनं एकदा माह्यासमोर तोंड काढलं होतं."

आमिष म्हणून भाकरीचे तुकडे तेलात बुडवले आणि त्यावर भाजलेली सुकट चुरली. वास असा सुटला की घुशीच्या आधी मलाच भूक लागली. या खेपेला पुरुषही माथ्यावरून खाली उतरले, चिखलात.

सकाळी उजाडताच आम्ही गेलो. लांबूनच झापांचा खडखडाट ऐकू आला. बेशरमाच्या टप्प्यातला एकही पिंजरा रिकामा नव्हता. घुशी मांजरीएवढ्या होत्या म्हटलं तर दारव्ह्यात कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी लहान मांजरीएवढ्या म्हणते. त्यांचं पुढे काय केलं ते लिहीत नाही. फुलं वाहून सोडून दिल्या नाहीत, एवढं समजा. त्या "सगळ्यात बेकार" बिळातली तर पिंजऱ्यात मावत नव्हती. जंगूबाई तिच्यापुढे उकिडवी बसून कोलामीत तिला बराच वेळ काहीतरी सुनावत होती. भाषा कळली नाही, पण त्यात शेळ्यांचा हिशेब होता एवढं कळलं.

नाईक घरी गेले आणि परत आले ते कागदाची एक पुडी घेऊन. ती त्यांनी प्रज्ञाच्या हातात दिली. "हे तुमी घेऊन जा म्याडम. लेकरायचं घर हाय, मले ठेवाचं भेव वाटते."

मी त्या वेळी काय केलं ते सांगते. मी आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं, "ही माझी मुलगी." त्यांना ते माहीत होतं. तरी सांगितलं.

शेवटची माती

बाजाराच्या आदल्या दिवसापर्यंत पिंजरे रोज मांडले. पहिले भरून यायचे, मग कमी, शेवटी रिकामे राहिले. मग बिळं खणून, दगड-मुरूम ठासून कायमची बुजवायची होती. त्यावर शेवटचा हात जंगूबाईचा, शेणमातीचा. आता कोणी तिला थांबवणार नव्हतं. ती एकामागून एक लिंपत गेली, अर्धचंद्र उमटत गेले. शेवटचं बीळ राहिलं, तेच बेकार. तिने शेणमातीचा गोळा उचलला आणि प्रज्ञापुढे धरला.

"म्याडम, हे तुमी लिपा."

माझा हात आपोआप पुढे गेला. "अहो, तिला येत नाही, द्या इकडे." इतक्या वर्षांची सवय.

"आई, सरक बाजूला," प्रज्ञा म्हणाली आणि गुडघ्यावर बसली.

तिला येत नव्हतंच. गोळा घसरला, परत उचलला. माती कोपरापर्यंत आली. बाया कोलामीत सूचना देत होत्या, ती वऱ्हाडीत "हो हो" म्हणत होती. झालं तेव्हा ते लिंपण म्हणजे उंचवटे आणि खड्डे, आणि मध्ये पाच बोटं खुपसलेली. कपाळावरही शेण लागलं होतं, ते तिने तसंच राहू दिलं. आणि मी, जिने ह्याच हाताला शेण लागू नये म्हणून सगळ्यांशी भांडण घेतलं होतं, पदराने तिचं कपाळ पुसायला गेले आणि मग पुसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार, मला निघायचं होतं. पिंजरे बांधून झाले होते. कोरा चहा दोनदा प्यायले आणि म्हटलं, एकदा पाळ पाहून येते. जंगूबाई बरोबर आली. बेशरमाच्या टप्प्यात एकही बीळ उघडलं नव्हतं, आणि ह्या खेपेला रात्रीतून कोणी लिंपलेलंही नव्हतं. मी वाकून खात्री केली तेव्हा जंगूबाई हसली. खाली जिथे ओल होती, तिथली माती वरून पांढुरकी पडायला लागली होती. पाणी झिरपायचं थांबत आलं होतं.

जंगूबाईचे उलटे अर्धचंद्र रांगेने सुकले होते. शेवटी ते एक, ओबडधोबड.

"हे तुमच्या लेकीचं," तिने माझा दंड धरून दाखवलं. "वाकडं हाय, पन धरलं हाय."

मी त्यावर हात ठेवला. कडक झालं होतं. त्या पाच बोटांच्या खड्ड्यांत मी माझी पाचही बोटं ठेवून पाहिली, बरोबर बसली. प्रज्ञाचे हात माझ्यावर गेलेत, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पिंजरे मारेगावला दिले. तिकडे जाताना जीपमध्ये त्याच ड्रायव्हरने विचारलं, घुशी सापडल्या का, आणि मी त्याला मारेगाव येईपर्यंत सोडलं नाही. आता दारव्ह्यातही कोणाला सोडत नाही. काय पाहिलं विचारतात ना? बिळं पाहिली. बुजवलेली. त्यातलं एक माझ्या लेकीने बुजवलं आहे, आणि ते धरलं आहे.